केबल तोडायची म्हणजे नक्की काय तोडायचं?

गेल्या महिन्यात साताऱ्याला घरी गेले होते. शनिवारची सकाळ, पोहे, चहा, सगळं यथासांग चालू असताना बाबांनी एकदम जाहीर केलं, "पुढच्या महिन्यापासून केबल बंद." कोणीतरी दारात एक पत्रक टाकून गेलं होतं. फायबर, वर पाच-सहा अॅप फुकट, सगळ्याचं मिळून एकच बिल. बाबांनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोबही मांडला होता. वर्षाला साधारण तीन हजार वाचत होते.

आई काही न बोलता उठून आत गेली. आजीने माझ्याकडे पाहिलं. कारण आमच्या घरची केबल मामाची आहे. म्हणजे आईच्या सख्ख्या भावाची. १९९३ पासून.

"तू आयटीत आहेस, तूच सांग," बाबा म्हणाले. आता पंचाईत अशी की मी नुसती आयटीत नाही, तर मोबाईलवर आणि स्मार्ट टीव्हीवर व्हिडिओ चालवणारा प्लेअर लिहिणाऱ्या टीममध्ये आहे. थोडक्यात, मामाच्या धंद्यावर पाय ठेवून जी मंडळी उभी आहेत, त्यांच्यात मीही आहे. मी "बघून सांगते" म्हणाले आणि रविवारी संध्याकाळच्या एसटीने पुण्याला पळ काढला. त्यानंतरचे दोन वीकएंड मी हे सगळं प्रकरण मुळापासून वाचण्यात घालवले. मंडळी, हा लेख म्हणजे त्याचीच वसुली समजा.

तर सुरुवात एका बिघडलेल्या उपग्रहापासून.

फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानाने वेस्टार-६ नावाचा एक दळणवळण उपग्रह अवकाशात सोडला. त्याला वरच्या कक्षेत नेणारी मोटर नीट चाललीच नाही आणि तो भलत्याच खालच्या कक्षेत अडकून पडला. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यान गेलं आणि अंतराळवीरांनी तो, आणि त्याच्यासारखाच फसलेला इंडोनेशियाचा पालापा, असे दोन्ही अक्षरशः हातांनी पकडून यानात भरले. त्यातला एक अंतराळवीर तिथे अंतराळात 'विकणे आहे' अशी इंग्रजी पाटी हातात धरून उभा आहे, असा फोटो आहे. जरूर शोधून बघा.

गंमत म्हणजे तो खरंच विकला गेला. दुरुस्त करून, नवीन नाव देऊन, एप्रिल १९९० मध्ये चीनच्या शिचांग तळावरून लाँग मार्च रॉकेटने तो पुन्हा वर गेला. नवीन नाव एशियासॅट-१. त्याच्या एका बीमखाली आपला आख्खा देश येत होता. १९९१ मध्ये हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या कंपनीने त्यावर स्टार टीव्ही सुरू केला : एमटीव्ही, बीबीसी, प्राइम स्पोर्ट्स, स्टार प्लस आणि एक चिनी चॅनेल. सिग्नलला कुलूप नव्हतं. ज्याच्याकडे छत्री, त्याच्याकडे टीव्ही. भारतीय सॅटेलाइट टीव्हीचा पाया हा असा एका सेकंडहँड उपग्रहावर रचलेला आहे. मामाची पहिली बजाजसुद्धा सेकंडहँडच होती, हे आपलं उगाच आठवलं.

त्याआधी काय होतं? दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं, १९८२ मध्ये रंग आले, १९८४ मध्ये तर काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवीन ट्रान्समीटर उभा राहत होता. पण चॅनेल एकच, आणि काय दाखवायचं ते दिल्लीत ठरणार. केबलचा उगम मात्र सरकारी नाही आणि सॅटेलाइटचाही नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईत कोणीतरी तळमजल्यावर व्हीसीआर लावायचा, तिथून बिल्डिंगभर वायर फिरवायची आणि महिन्याला ठराविक पैसे घेऊन पिक्चर दाखवायचे, असा तो उद्योग होता. म्हणजे वायर आधी आली, उपग्रह नंतर. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झालं, पंचतारांकित हॉटेलांनी सीएनएनसाठी छत्र्या लावल्या, लोकांनी घरबसल्या लढाई बघता येते हे पाहिलं. मग वायरवाल्यांना कळलं की व्हीसीआरच्या जागी छत्री जोडली की झालं. वायर तर आहेच.

मामाने हेच केलं, दोन वर्षं उशिरा. आयटीआय झालेला, बावीस वर्षांचा, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला. पतसंस्थेचं कर्ज काढून दहा फुटी जाळीची छत्री गच्चीवर बसवली. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झालेला होता, त्यामुळे 'इंग्रजी कोण बघणार?' हा प्रश्न परस्पर सुटला. पहिल्या महिन्यात अकरा घरं. त्यातलं एक आमचं, आणि आमचे पैसे त्याने कधीच घेतले नाहीत, असं आई सांगते. (बाबा सांगतात की २००० पासून घेतो. या विषयावर घरात दोन पक्ष आहेत.)

हे सगळं कायद्यात बसत होतं का? तर कायदाच नव्हता. होता तो १८८५ चा टेलिग्राफ कायदा, इंग्रजांचा. रस्त्यावरून वायर टाकून संदेश पाठवायचा म्हणजे तार, आणि तार म्हणजे सरकारची मक्तेदारी. राजस्थान उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये केबलवाल्यांना याच चौकटीत बसवलं, आणि लायसन्स तर कोणाकडेच नव्हतं. सप्टेंबर १९९४ मध्ये वटहुकूम आला आणि मार्च १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा झाला. त्यात मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे नोंदणी कुठे करायची, तर हेड पोस्ट ऑफिसात! देशाच्या इतिहासातला एवढा मोठा मनोरंजनाचा धंदा, आणि त्याची कागदपत्रं मनीऑर्डरच्या खिडकीच्या शेजारी. मामाकडे तो कागद अजून आहे, लॅमिनेट करून ठेवलेला.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर हा भाग सोडून द्या, पण पुढचं सगळं राजकारण याच्यातच दडलेलं आहे.

जुनी अॅनालॉग केबल म्हणजे एक झाड. मुळाशी मामाची 'कंट्रोल रूम', म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथे छत्रीवरून आलेलं प्रत्येक चॅनेल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चढवायचं आणि सगळ्यांची मोळी बांधून एकाच जाड वायरमध्ये सोडायची. मग खांबावरून, आंब्यावरून, कोणाच्या तरी कठड्यावरून फांद्या फुटत जातात. एका स्प्लिटरने दोन वाटा केल्या की प्रत्येकीला निम्मी ताकद, म्हणून मध्येमध्ये अॅम्प्लिफायर. पण अॅम्प्लिफायर बिचारा सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. त्यामुळे ओळीतल्या शेवटच्या घरात कायम मुंग्या. मी सात-आठ वर्षांची असताना मामाबरोबर अशा शेवटच्या घरांत जायचे. तो गच्चीवर, मी टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" माझी पहिली टेस्टिंगची नोकरी तीच.

या झाडाची खोड अशी की त्यात सगळ्यांना सगळं मिळतं. कोण काय बघतं हे मुळाशी कळत नाही. किंबहुना एकूण किती घरं आहेत हेही फक्त केबलवाल्यालाच माहीत. नव्वदीच्या शेवटी चॅनेल पैसे मागायला लागले. किती घरांचे द्यायचे? तर तुम्ही सांगाल तितक्या. मग चारशे घरं असली की सव्वाशे सांगायची. चॅनेलवाल्यांनाही हे ठाऊक असायचं, म्हणून ते दर वाढवून मागायचे. दर वाढला की हा घरं आणखी कमी सांगणार. देशभर हाच खेळ चालू होता. मामाने हे केलं का? मी फोनवर विचारलं. तो म्हणाला, "भाचीबाई, न करणारा केबलवाला मला दाखव, मी त्याच्या पाया पडतो."

आणि उलट दिशेनेही पैसे यायचे. जुन्या टीव्हीत मोजकीच चॅनेल नीट पकडली जायची, त्यामुळे खालच्या बँडमधली जागा म्हणजे भर चौकातला गाळा. तिथे बसण्यासाठी चॅनेलंच वितरकाला पैसे मोजायची. त्याला कॅरेज फी म्हणत. म्हणजे एकाच वायरवर कोणी चॅनेलला पैसे देतंय, कोणी चॅनेलकडून घेतंय, आणि घरात बसलेल्या माणसाला 'अल्फा मराठी कितीला येतं?' एवढीच चिंता. (१९९९ चं अल्फा, २००० चं ईटीव्ही मराठी. आजीचं टीव्हीप्रेम तिथून सुरू झालं, त्याआधी ती फक्त बातम्या बघायची.)

सरकारने हा गुंता सोडवायला काढलेला उपाय म्हणजे सेट टॉप बॉक्स. सिग्नलला कुलूप, प्रत्येक घरात किल्ली, म्हणजे मोजणी आपोआप. 'कॅस'चा कायदा २००२ च्या अखेरीस झाला, पण चार महानगरांपैकी फक्त चेन्नईत तो सप्टेंबर २००३ मध्ये लागू झाला. मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत ३१ डिसेंबर २००६ उजाडला. तेव्हा ट्रायने मूळ पॅक ७७ रुपये आणि कुठलंही पे चॅनेल जास्तीत जास्त ५ रुपये असे दर बांधून दिले होते. आज ते आकडे वाचून हसू येतं. खरी जबरदस्ती २०११ च्या दुरुस्तीनंतर झाली : ऑक्टोबर २०१२ ला महानगरं, मार्च २०१३ ला पुणे-नाशिक-सोलापूरसारखी ३८ शहरं, मग उरलेली. साताऱ्यासारख्या गावांची मुदत कागदावर डिसेंबर २०१५ होती, पण कोर्टकचेऱ्यांमुळे ती २०१७ पर्यंत लांबली.

तोपर्यंत डीटीएचही बस्तान बसवून होतं. त्याची गोष्ट वेगळीच मजेशीर. १९९७ मध्ये सरकारने त्याच्यावर चक्क बंदी घातली होती, २००० मध्ये उठवली, आणि २००३ मध्ये डिश टीव्ही आला, २००६ मध्ये टाटा स्काय. केबलवाल्याचं तोंड न बघता टीव्ही बघता येतो हे लोकांना पहिल्यांदा कळलं ते तेव्हा. म्हणजे 'केबल तोडणं' आपल्याकडे नेटफ्लिक्सच्या कितीतरी आधीचं आहे.

डिजिटल झाल्यावर चित्र स्वच्छ झालं, मुंग्या गेल्या. पण मामाची कंट्रोल रूमही गेली. एवढी महागडी डिजिटल यंत्रणा गावातल्या माणसाला परवडणारी नव्हती. सिग्नल आता मोठ्या वितरक कंपनीचा, बॉक्स कंपनीचे, ग्राहकांची यादी कंपनीच्या सर्व्हरवर. मामा मालक होता तो वसुली करणारा झाला. इंजिनिअर म्हणून मला ती व्यवस्था सरस वाटते, आणि ती आधीच्या लबाडीतून निर्माण झाली हेही खरंच आहे. पण त्याच्याबरोबर गेलेली एक गोष्ट कोणत्याच अहवालात मला सापडली नाही. मामाचं स्वतःचं चॅनेल होतं. त्यावर रात्री पिक्चर, दुपारी खाली सरकणारी पट्टी : अमक्याच्या चिरंजीवास वाढदिवसाच्या शुभेच्छा, तमक्या दुकानात साड्यांचा सेल, दहावीत शाळेत पहिली आलेल्या मुलीचा फोटो, उद्या पाणी येणार नाही. गणपतीची मिरवणूक तो एका कॅमेऱ्यावर थेट दाखवायचा आणि अर्धं गाव मिरवणूक सोडून घरी बसून स्वतःला टीव्हीवर शोधायचं. माझा सातवा वाढदिवस त्या पट्टीवर तीन दिवस फिरत होता. :)

फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचा नवा दरनियम लागू झाला. पहिल्या शंभर चॅनेलना जास्तीत जास्त १३० रुपये, करासकट १५३ रुपये ४० पैसे, आणि वरच्या प्रत्येक पे चॅनेलचे वेगळे. हेतू चांगला होता, जे बघाल त्याचेच पैसे द्या. प्रत्यक्षात आजीची चार मराठी, बाबांचं क्रिकेट आणि आईचं एक जुन्या गाण्यांचं चॅनेल मिळून बिल आधीपेक्षा वाढलं. लोकांनी शिव्या कोणाला घातल्या? दारात पावती घेऊन उभ्या असलेल्या मामाला.

आणि नेमक्या त्याच काळात आम्ही आलो. आम्ही म्हणजे स्ट्रीमिंगवाले. २०१५ मध्ये हॉटस्टार, जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आणि डेटा मातीमोल झाला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझं पोट त्यावर चालतं. केबलमध्ये एक सिग्नल सोडला की तो दहा घरांनी बघितला काय किंवा दहा हजार, मूळचा खर्च जवळपास तेवढाच. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक प्रेक्षकाला त्याची स्वतंत्र धार द्यावी लागते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक होते. प्रत्येकी सरासरी २ एमबीपीएस जरी धरले तरी सेकंदाला ११८ टेराबिट होतात. गावोगावी, सर्व्हिस प्रोव्हायडरच्या दारात कॅशे ठेवून हे कसंबसं जमवतात. २०१९ च्या उपांत्य सामन्यात अडीच कोटी लोक बघत असताना धोनी धावबाद झाला आणि सगळ्यांनी एकदम बॅक बटण दाबलं. सामना बघणारे गेले म्हणजे सर्व्हरला आराम, असं वाटेल. पण ते सगळे एकाच वेळी होमपेजवर धडकले, आणि होमपेज बनवणं व्हिडिओ पाठवण्यापेक्षा वेगळं आणि जड काम. तिथल्या इंजिनिअरांनी ही गोष्ट जाहीर भाषणांत सांगितली आहे, आमच्याकडे नवीन पोरांना ती आधी ऐकवतात. मामाच्या झाडाला असला त्रास कधीच नव्हता. तांत्रिकदृष्ट्या एक सामना कोट्यवधी लोकांना एकाच वेळी दाखवायला स्ट्रीमिंग हा तसा वेडगळ मार्ग आहे, आणि वर अर्ध्या मिनिटाचा उशीर. शेजारच्या केबलवाल्या घरातून 'आऊट!' ऐकू येतं आणि आपला बोलर अजून रनअप घेत असतो.

पण पैसा तिकडे गेला. जून २०२२ च्या लिलावात आयपीएलचे भारतातले डिजिटल हक्क (दोन्ही पॅकेज मिळून) २३,७५८ कोटींना गेले, टीव्हीचे २३,५७५ कोटींना. टीव्ही पहिल्यांदा मागे पडला. २०२३ ला जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवली. पैसे देऊन टीव्ही बघणारी घरं २०१८ मध्ये १५ कोटींच्या आसपास होती, ती २०२४ पर्यंत ११ कोटींवर आली. त्यातले सगळे काही आमच्याकडे आले नाहीत बरं का. बरेच जण दूरदर्शनच्या फ्री डिशकडे गेले. २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली ही सेवा, छत्री एकदा घ्यायची, महिन्याचं बिल शून्य. शहरात आपल्याला तिचं नावही माहीत नसतं, पण बिल शून्य असलेल्या गोष्टीला जाहिरात कशाला लागते? बाबांनी आधी मला "जुना अँटेना लावला तर?" असंही विचारलं होतं, पण दूरदर्शनने ते जमिनीवरचे बहुतेक अॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद करून टाकले.

एवढं सगळं डोक्यात भरून मी परत साताऱ्याला गेले आणि मामाला घरी बोलावलं. बाबांना संकोच वाटत होता, पण मामाने स्वतःच विषय काढला. "दाजी, केबल काढायची ती काढा. निम्म्या गल्लीने काढली. पण ते पत्रक कोणाचं आहे?"

कारण मामा आता केबलवाला राहिलाच नाही, हे आम्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. २०१९ च्या बिलांनंतर त्याने फायबर ओढायला घेतलं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरांच्या शाळा घरात आल्या तेव्हा तो पास लावून रात्री अकरापर्यंत खांबावर होता. त्याच खांबावर, त्याच कठड्यांवरून. फायबर जोडायचं मशीन घेण्यासाठी पुन्हा पतसंस्थेचं कर्ज. आज त्याचं घर इंटरनेटवर चालतं, आणि बाबांच्या हातातलं पत्रक होतं एका मोठ्या कंपनीचं. ती लोकांना इंटरनेट देतेय आणि वर अॅपं फुकट. मामाला अॅपं फुकट देता येत नाहीत. म्हणजे बाबा जे तोडायला निघाले होते ती केबल नव्हती, ते मामाचं चाललेलं पोट होतं. वर्षाला तीन हजारांसाठी.

मामा मला म्हणाला, "तुमची ती अॅपं. आता पाच-पाच एकत्र करून पॅक विकतायत, मध्ये जाहिराती, क्रिकेट पाहिजे तर वरचा पॅक. हे आम्ही केलं तेव्हा आम्हाला चोर म्हणत होते."

मी काय बोलणार? मी त्याला कॅशेबद्दल सांगायला लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

बाबांनी ते पत्रक रद्दीत टाकलं. मामाचंच फायबर घेतलं, अॅप दोनच, ज्याचे पैसे मी भरते. केबल मात्र खरंच काढली. रविवारी सकाळी मामा स्वतः गच्चीवर गेला आणि तीस वर्षांपासून आंब्याच्या फांदीत रुतलेली वायर सोडवायला लागला. झाडाची साल तिच्याभोवती वाढली होती, तेवढा तुकडा तिथेच कापून ठेवला. बाकीची गोल गुंडाळी करून स्कूटरला अडकवली. मी पुण्याला निघाले.

रात्री साडेआठला आजीची मालिका. आठ पंचवीसला अॅपने तिला साइन आउट केलं आणि ओटीपी मागितला. तो ओटीपी माझ्या फोनवर आला, मी खंबाटकी घाटात, रेंज नाही. मला दहा मिस्ड कॉल दिसले ते थेट शिरवळला. घाबरून फोन केला तर आईने उचलला, मागे टीव्हीचा आवाज.

"अगं काही नाही, झालं," ती म्हणाली. "मामा येऊन गेला. त्याने त्याच्या फोनवरून लावून दिलं."